तीन खिडक्यांची आई

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर लोकांच्या लघवीच्या, थुंकीच्या आणि आणखी नको नको त्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, आणि घरी येऊन त्याच हातांनी स्वयंपाकाला लागायचं. त्यामुळे मला कशाचीच किळस येत नाही असा घरीदारी समज आहे. येते की. डब्यातल्या गोष्टींची येत नाही, एवढंच.

आमचे हे निवृत्त झाले आणि बघता बघता त्यांना छंद लागला. निवृत्त माणसं झाडं लावतात, कुलपं दुरुस्त करतात, बायकोच्या पाठीमागे दिवे बंद करत फिरतात. यांनी भंगारबाजारातून जुने डबा-कॅमेरे आणायला सुरुवात केली. कॅमेऱ्यांचं वेड असतं तर मी एक वेळ समजून घेतलं असतं. पण यांना हवा असतो कॅमेऱ्याच्या पोटात विसरून राहिलेला रोल. पन्नास-पंचाहत्तर वर्षांपूर्वी कुणीतरी फोटो काढले, रोल धुवायचा राहून गेला, माणसं मेली, घर विकलं, सामान भंगारात गेलं. तो रोल हे धुणार आणि कोण कोण दिसतंय ते बघणार. परक्याचं कपाट उघडून त्याचे आतले कपडे चाळण्यातलाच हा प्रकार, असं मी एकदा बोलले. हे म्हणाले, "तुला इतिहासाची जाण नाही."

इतिहासाचा वास मात्र माझ्या नाकाला चांगला कळतो. रोल धुतात ते आमच्या न्हाणीघरात. जुन्या फिल्मला आंबूस, कुजका वास येतो, ओल्या कुत्र्यासारखा. तिच्यावरचा बुळबुळीत थर सुटून बादलीत तरंगतो, मध्येच बुरशीचे ठिपके. मग ती पट्टी माझ्याच कपड्यांच्या चिमट्यांनी दोरीवर टांगायची आणि खाली माझ्या टॉवेलवर ठिबकू द्यायची. लॅबमध्ये निदान हातमोजे असतात.

शेवटी मी घरात नवीन कॅमेरा आणायला बंदी घातली. त्यावर यांनी तोड काढली ती अशी, की बाजारातून आले की चपला काढून तडक संडासात. खांद्यावरची पिशवी खांद्यावरच. आतून कडी, आणि मग खट्, खट्, खट्. खटका चालतो का ते बघत बसायचे. बाहेर आले की पिशवी पाठीमागे आणि चेहऱ्यावर पोट साफ झाल्याचं समाधान. मी सगळं जाणून होते. साठी ओलांडलेल्या नवऱ्याची संडासात झडती घ्यायची वेळ आपल्यावर येऊ नये, म्हणून गप्प बसत होते.

ज्या फोटोवरून पुढचं सगळं झालं, तो असाच आलेल्या एका कॅमेऱ्यातला. रोलवर आठ फोटो, त्यातले बहुतेक बुरशीने खाल्लेले. एकात कुत्र्याचं ढुंगण, एकात कुणाचे तरी गुडघे. शेवटचा तेवढा शाबूत. दाराच्या चौकटीत उभी असलेली एक तरुण बाई, उन्हाने डोळे बारीक केलेले, तोंड घट्ट मिटलेलं. बाई जरा पुसट. पण तिच्या उजव्या हाताला, अंधाऱ्या भागात, एका रांगेत तीन खिडक्या. आडव्या काचपट्ट्यांच्या, लख्ख उजळलेल्या आणि उतरत गेलेल्या, म्हणजे दुसरी पहिलीपेक्षा जरा खाली, तिसरी आणखी खाली. तिन्हींच्या कट्ट्यावर एकेक छोटी कुंडी आणि त्यात गोल डोक्याचं एकेक फूल.

हे अशा लोकांच्या एका गटात आहेत ज्यांना दुसरं काम नाही. जुना फोटो टाकायचा आणि तो कुठे काढला ते सगळ्यांनी मिळून शोधायचं. आपापसात ते स्वतःला जागाशोधे म्हणवतात. त्यातले एक नकाशेकाका, आयुष्यभर नगररचना खात्यात नकाशे काढलेले. दुसरे सावलीवाले, जे सावलीच्या लांबीवरून किती वाजले होते ते सांगतात, आणि ते कुणालाच पडताळता येत नसल्यामुळे कधी चुकत नाहीत. खिडक्या उतरत्या आहेत म्हणजे इमारत उतारावर, असं नकाशेकाका म्हणाले. बाई पुसट आणि खिडक्या स्पष्ट, म्हणजे फोटोग्राफरला बाईपेक्षा घर दाखवायचं होतं, नवं घर असणार, असं सावलीवाले म्हणाले. कुंड्यांवरून कुटुंब हौशी ठरलं. दीड-दोन महिने हे चाललं आणि शेवटी गिरणीमागच्या चढावरची कामगार-घरं नक्की झाली. ती घरं पाडून तिथे कधीचीच गोदामं झाली आहेत, त्यामुळे वाद घालायला भिंतही उरलेली नव्हती. हे घरात असे फिरायला लागले, जणू ते गाव यांनीच वसवलं.

आणि मग मावशींचा फोन आला.

मावशी म्हणजे नात्यातल्या कुणी नाहीत. सत्तरी उलटलेल्या, एका शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचा जन्म त्याच चढावरचा. गटातला फोटो फिरत फिरत त्यांच्या पुतण्याच्या फोनवर पोचला होता. त्या अंगावर पीत होत्या तेव्हाच आई गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि दुसरीने पहिलीचं घरात काही म्हणता काही ठेवलं नाही. कपडे वाटून टाकले, फोटो चुलीत घातले. मावशींनी आईचा चेहरा कधी पाहिलाच नाही. त्यांच्याकडे होतं ते फक्त मोठ्या भावाने सांगितलेलं. आपलं घर उतारावर होतं, एका रांगेत तीन खिडक्या होत्या, आई खिडकीत फुलं लावायची. तो भाऊही आदल्या वर्षी गेला. तिचा चेहरा ओळखू शकेल असं माणूस आता जगात उरलं नव्हतं. घर तेवढं ओळखता येत होतं.

"खिडक्या आमच्याच आहेत," फोनवर त्या म्हणाल्या. "म्हणजे ती आईच असणार, नाही का हो?"

यांनी फोन स्पीकरवर टाकला होता, मला ऐकवायला. मी यांना त्या दिवशी न मागता दुसरा चहा दिला.

पुढे सगळं वाढतच गेलं. फोटोची प्रत मावशींना पोचली. वाचनालयाच्या हॉलमध्ये प्रदर्शन ठरलं आणि उद्घाटन मावशींच्या हस्ते. हे रोज आरशापुढे भाषण म्हणत. त्यातलं एक वाक्य मला पाठ झालं होतं, "सापडलेला कॅमेरा मी आधी संपूर्ण अंधारात उघडतो, खटक्याला हातसुद्धा लावत नाही." हे ऐकताना मला काहीतरी टोचत होतं, पण काय ते कळत नव्हतं.

प्रदर्शनासाठी फोटो दारभर मोठा करून आणला. आमच्या घरात एवढी मोठी वस्तू ठेवायला जागा एकच, संडासासमोरचा बोळ. तिथे भिंतीला टेकवून ठेवला. रविवारी मी संडास घासायला घेतला, दार उघडं टाकून. घासून झालं, ब्रश धुतला आणि सवयीप्रमाणे जुन्या डब्यात उलटा, केस वर करून, वाळायला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. मागे वळले तर समोर तो फोटो. तीन खिडक्या. तीन कुंड्या. तीन गोल फुलं.

मी पुन्हा वळून वर पाहिलं. पुन्हा फोटोकडे पाहिलं. आमच्या खिडकीची खालून दुसरी काचपट्टी कोपऱ्यात तुटलेली आहे. फोटोतल्या पहिल्या खिडकीची खालून दुसरी पट्टी कोपऱ्यात तुटलेली. दुसऱ्या खिडकीचीही तीच. तिसऱ्या खिडकीचीही तीच. इतके डोळे इतके दिवस त्या फोटोवर रोखलेले होते, आणि तीन खिडक्यांची काच एकाच जागी कशी फुटली हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

खट्, खट्, खट्.

आत रोल आहे हे माहीत नसताना यांनी संडासात बसून, वर प्रकाशाकडे धरून, तीनदा खटका दाबला होता. डबा-कॅमेऱ्यात किल्ली फिरवल्याशिवाय फिल्म पुढे सरकत नाही. सगळं त्या बाईच्याच फोटोवर जाऊन बसलं. संडासात अंधार, त्यामुळे भिंती उमटल्या नाहीत, उजेडाची खिडकी तेवढी उमटली. दर वेळी हात जरा खाली गेला, म्हणून उतार. जुनी बाई पुसट आणि खिडकी ताजी. नकाशेकाकांचा चढ, सावलीवाल्यांचं नवं घर आणि हौशी कुटुंबाची फुलं, सगळं आमच्या संडासातलं.

आधी मला हसू आलं. तिथेच चौकटीला हात टेकून मी हसले. मग मावशी आठवल्या आणि हसू थांबलं.

हे बाहेर पेपर वाचत होते. मी ओल्या हातांनीच गेले. "तुमच्या फोटोतली खिडकी आपल्या संडासाची आहे."

मला वाटलं, उडतील, नाही म्हणतील, धावत जाऊन बघतील. त्यांनी पेपर खाली केला, खिडकीबाहेर कुणी आहे का ते पाहिलं आणि म्हणाले, "हळू बोल."

"तुम्हाला माहीत होतं!"

"गेल्या महिन्यात लक्षात आलं. बसलो होतो, सहज वर पाहिलं."

"आणि गप्प बसलात?"

"मग काय करायचं? गटात सगळ्यांना सांगू, की मी संडासात बसून शटर दाबत होतो? नकाशेकाका तोंड दाखवायला जागा ठेवतील का मला?"

"अहो, त्या बाईला तुम्ही आई म्हणून भलतीच दिलीत!"

"भलतीच कशावरून? बाई तर खरी आहे ना? बाई थोडीच संडासातली आहे! असेलही तिची आई. आणि तिला आनंद मिळतोय, तुझं काय जातंय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीस वर्षं मी या माणसाचे खोकले, ढेकर, कापलेली नखं, बेसिनमधली थुंकी, सगळं उरकत आले. कधी काही वाटलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या ताटाला हात लावताना मला शिसारी आली. आठवडाभर मी एकच सांगत होते, की मावशींना फोन करून सांगा, नाहीतर मी करते. हे रोज म्हणत, प्रदर्शन होऊन जाऊ दे, मग सांगू.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मावशी आमच्याकडे येणार होत्या. त्यांना मूळ निगेटिव्ह डोळ्यांनी बघायची होती. मी ठरवून टाकलं, की त्या आल्या की आपणच तोंड उघडायचं. सकाळी संडासात गेले तर खिडकीवर फडकं टांगलेलं, आणि डबा नि ब्रश गायब. शोधलं तर दोन्ही पिशवीत गुंडाळून माळ्यावर टाकलेले सापडले. ज्या माणसाने तीस वर्षांत तो ब्रश हातात धरला नाही, त्याने तो धुऊन, पुसून, लपवून ठेवला होता.

मावशी दुपारी आल्या. ठेंगण्या, नीटनेटक्या, गुडघे कामातून गेलेले. पुतण्या रिक्षातून सोडून गेला. त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. पर्समधून रुमालात गुंडाळलेला तो फोटो काढला, कडा झिजू नयेत म्हणून चारी बाजूंनी फीत शिवलेली. हे त्यांना निगेटिव्ह दाखवायला लागले आणि बोलतच सुटले. मला मध्ये तोंड घालायला जागा मिळेना. चहा झाला. मावशींची चुळबुळ सुरू झाली. मग त्या माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "जरा बाथरूमला जाऊन येऊ का?"

मी उठायच्या आत हे म्हणाले, "अरेरे, आमचा संडास तुंबलाय हो मावशी! आजच. वरच्या मजल्यावर शेजारी आहेत, त्यांच्याकडे सोय होईल. एकच जिना."

मावशींनी आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं. "नको नको," त्या ओशाळून म्हणाल्या, "तशी घाई नाही. थांबते मी." आणि पाय जवळ घेऊन आखडून बसल्या.

या माणसाला स्वतःची चूक झाकायला एका म्हातारीचं मूत अडवून धरायला काही वाटलं नाही. मला लॅबमधला एकूण एक डबा परवडला.

"चला मावशी," मी म्हणाले. "काही तुंबलेलं नाही. आधी जाऊन या, मग बोलू."

"अगं, पण..." हे उठले.

"तुम्ही बसा."

त्या जाऊन आल्या. पायाखाली बघत गेल्या, पायाखाली बघत आल्या. निसरड्या फरशीवर म्हातारी माणसं वर बघत नाहीत. त्यांनी हात धुतले, पुसले. तेवढ्यात मी माळ्यावरची पिशवी काढली, आत जाऊन फडकं ओढून टाकलं, डबा कट्ट्यावर ठेवला, ब्रश उलटा उभा केला आणि त्यांना दारात बोलावलं.

"मावशी, त्या खिडकीकडे बघा. आणि मग तुमच्या फोटोकडे बघा."

हे मागे येऊन उभे राहिले होते. मावशी बघत राहिल्या. मी सगळं सांगितलं, कॅमेरा कसा आणला, खटका कुठे आणि किती वेळा दाबला, एकावर एक कसं उमटलं. सांगताना माझाच आवाज मला चिरका लागत होता. मध्ये एकदाच त्या बोलल्या. "फुलं होती ना? दादा सांगायचा."

"हा ब्रश आहे. मी वाळायला ठेवते तो."

"अच्छा," त्या म्हणाल्या. मग यांच्याकडे वळल्या. "तुम्हाला कधी कळलं?"

"तसं... अगदी अलीकडे," हे म्हणाले. "पण मावशी, शक्यता आहे अजून. बाईबद्दल आपण काहीच नाकारलेलं नाही."

मावशी फोटो रुमालात घालायला लागल्या, पण रुमालाची घडी काही केल्या जमेना. मी यांच्याकडे पाहिलं. मला वाटत होतं, आता तरी मान खाली जाईल. यांचे डोळे चमकत होते. फोटोकडे, खिडकीकडे, मावशींकडे, अशी नजर फिरत होती.

"अगं, पण ही तर आणखी मोठी गोष्ट आहे," ते म्हणाले. "शोध, चूक आणि मग सत्य! लोक डोक्यावर घेतील. मावशी, एक मिनिट, त्या खिडकीखाली उभ्या राहता का? हातात तो फोटो धरून. प्रदर्शनात शेवटी हाच लावू." आणि खिशातून फोन काढला.

त्याहून वाईट काय झालं, तर मावशी गेल्या. जन्मभर जो जे सांगेल ते करायची सवय असणार. त्या आत गेल्या, कमोडला वळसा घालून खिडकीखाली उभ्या राहिल्या, हाताने केस सारखे केले आणि विचारलं, "कुठे बघू?"

मी यांना बाजूला ढकललं, आत शिरले आणि आतून कडी घातली.

आत जागा एकीचीच. मी झाकण पाडून त्यांना वर बसवलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिले. फिनेलचा वास. बाहेर हे दार वाजवत होते, "अगं काय हा पोरकटपणा!"

"बरं केलंत सांगितलंत," मावशी म्हणाल्या. "फोटो आला तेव्हापासून मी रोज सकाळी तो समोर घेऊन बसते. खिडक्या बघितल्या की भरून येतं. दादा आठवतो. आणि तिच्या चेहऱ्याकडे बघितलं की काही नाही. काही म्हणता काही वाटत नाही. आयुष्यभर जिच्यासाठी तळमळले, ती समोर उभी, आणि आतून हूं नाही की चूं नाही. मला स्वतःचीच किळस यायला लागली होती हो. म्हटलं, मी बाई आहे की दगड? आईचा चेहरा बघून जिला पाझर फुटत नाही, ती कसली लेक?"

गेला महिनाभर यांना हे सांगता आलं असतं. गेला आठवडाभर तर मीही सांगू शकले असते.

"तुमची आई आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे. भावाकडे असते."

"तिचा चेहरा बघितला की तुम्हाला काय वाटतं? खरं सांगा. मला माहीत नाही म्हणून विचारते."

काहीतरी गोड सांगावं असं मनात आलं. पण त्या घरात खोटं पुरेसं बोलून झालं होतं. "राग येतो," मी म्हणाले. "बहुतेक वेळा तरी रागच येतो."

मावशींनी मान हलवली. फोटोवरून अंगठा फिरवला, त्या परक्या बाईच्या मिटलेल्या तोंडावरून.

"राग," त्या म्हणाल्या. "तेवढासुद्धा आला नाही हो मला." आणि मग, बाहेर दार वाजत असतानाच, त्या रडायला लागल्या.